वाकलं तं नाही ना?

आमच्या हॉस्पिटलात सर्जन बदलले, मॅनेजर बदलले, भिंतींचा रंग तर तीनदा बदलला. प्लास्टर रूममध्ये मात्र मेश्राम भाऊच राहिले. मी शेजारच्या ड्रेसिंग रूमची सिस्टर. मधे पार्टिशनची भिंत, तीही वरून उघडी. त्यामुळे इतकी वर्षं त्यांचं बोलणं मी ऐकलं आणि माझं ओरडणं त्यांनी. माझा स्वभाव तापट आहे, मी लपवत नाही. कोणी ड्रेसिंग भिजवून आणलं की माझा आवाज पार गेटपर्यंत जायचा. मग भिंतीपलीकडून भाऊ म्हणत, "सिस्टर, हळू. जखम घाबरली तं भरणार नाई." माझा राग काही जायचा नाही, पण हसू यायचं.

भाऊ मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत होते म्हणून कुटुंब रायपूरला आलं ते इथलंच झालं. तात्यापाऱ्यात एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ते, वहिनी आणि एकुलती एक लेक प्रज्ञा. माणूस उंच, थोडा वाकलेला, भुवयांवर कायम प्लास्टरची पांढरी भुकटी. प्लास्टर रूममध्ये चहा प्यायचे नाहीत, धूळ पडते म्हणून. कप घेऊन बाहेर व्हरांड्यात उभे राहत आणि तिथूनही येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातांकडे बघत. लोक चेहरा ओळखतात, हे बोटं ओळखायचे. "तो मधल्या बोटाचा गुप्ता आला होता," असं सांगायचे, आणि मला काही केल्या तो गुप्ता आठवायचा नाही.

हात, पाय, कंबर, सगळी प्लास्टरं ते करत, पण जीव अडकलेला बोटाच्या शेंड्यात. नखाजवळ बोटाचा शेवटचा सांधा असतो. त्याच्या पाठीवरून एक बारीक नस येते आणि शेंड्याला सरळ धरून ठेवते. चेंडू आदळला, दारावर बोट आपटलं, की ती नस हाडाचा एक इवलासा तुकडा उखडून मागे जाते आणि शेंडा खाली पडतो. दुखतं थोडंच, म्हणून माणूस चार दिवस अंगावर काढतो आणि मग येतो. भाऊ त्याला समजावत, "भैया, कनकी जितना टुकड़ा है. अपनी जगह पर चिपकना चाहिए, बस." कनकी म्हणजे तांदळाची कणी, हे रायपुरात कोणाला सांगावं लागत नाही.

ती कणी चिकटवायचे दोन रस्ते. एक, सर्जन शेंड्यातून बारीक तार घालून सांधा आतून पक्का करतो आणि काही आठवड्यांनी तार काढतो. दुसरा, बोटाला पट्टी लावून शेंडा आठ आठवडे सरळ ठेवायचा. आठ आठवडे म्हणजे रात्रंदिवस. आंघोळीत नाही, झोपेत नाही, एकदाही वाकायला नको. वाकला की चिकटत आलेलं सुटतं आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. बहुतेकांना पट्टी पुरते, हे मोठे डॉक्टरही म्हणायचे. शेवटी दोन्हींतून बोटं साधारण सारखीच निघतात, फक्त तुकडा मोठा असला आणि सांधा जागेवरून सरकला असला तर तारेशिवाय गत्यंतर नाही. भाऊ एक्सरे खिडकीकडे धरत आणि छोट्या डॉक्टरांना म्हणत, "सर, ये आपका. ये मेरा." छोटे डॉक्टर म्हणजे आमचे नवे सर्जन, हुशार होते, आणि त्यांना हे आवडायचं. सहसा दोघांची वाटणी जुळायची.

पट्टी ते स्वतः करत. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी कापायची, तिच्या कडा खिडकीच्या दगडी ओट्यावर घासायच्या, घासून झाली की स्वतःच्या गालावर फिरवून बघायची. गालाला टोचली की पुन्हा घासायची. त्या ओट्याला घासून घासून खळगा पडला होता. मी म्हणायची, "भाऊ, बाजारात तयार मिळते, प्लास्टिकची." ते म्हणायचे, "मिळते ना. पण तिले काय माहीत याचं बोट कसं हाय ते." मग आतून मऊ फोम, वरून चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर बॉलपेनने पट्टी सुटायची तारीख.

पट्टी लावली की पेशंटची शाळा सुरू. पट्टी कशी बदलायची, तर टेबलावर हात पालथा ठेवून, शेंडा टेबलाला चिकटलेला, दुसऱ्याने ती काढायची, पुसायचं, कोरडं करायचं, पुन्हा लावायची. तोवर शेंडा टेबलावरून उचलायचा नाही. तीन-तीनदा करून घेत. आणि पुढे दर आठवड्याला माणूस आला की पहिला प्रश्न एकच. मराठी असला तर "वाकलं तं नाही ना?" आणि हिंदी असला तर "मुड़ा तो नहीं?" माणूस म्हणायचा, नाही. भाऊ त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. चिकटपट्टीच्या सुरकुत्या बघायचे, फोमवरचा घामाचा डाग बघायचे, आणि सांगायचे, "परसों निकाला था." नव्वद टक्के लोक कबूल व्हायचे, उरलेले चिडायचे.

एक मराठी बँकवाले साहेब होते, उजव्या हाताची करंगळी. दर वेळी पट्टीवर हळदीचा डाग. भाऊंनी विचारलं तर म्हणाले, "अहो, जेवायला तर काढावीच लागते ना. चमच्याने वरणभात खायचा का आता मी?" दिवसातून दोनदा, रोज, हा माणूस पट्टी काढून वरणभात कालवत होता आणि वर आम्हालाच विचारत होता की बोट सरळ का होत नाही. मी असते तर हाकलून दिलं असतं. भाऊंनी बॉलपेन घेतलं, जुनी तारीख खोडली, नवीन लिहिली. तीनदा असं झालं. चौथ्या वेळी साहेबांच्या बायकोला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "वहिनी, आता याहिले तुमीच भरवा." साहेब इतके लाजले की पुढचे आठ आठवडे चमच्याने जेवले. बोट सरळ झालं.

पण शहराबाहेरच्या उरल्याचे मजूर आले की भाऊंचा हिशोब चुकायचा. लोखंडाच्या कारखान्यांतले लोक, बोटं ठेचलेली, वाकलेली. पट्टी लावून जात आणि महिन्याने शेंडा तसाच लोंबता. छोटे डॉक्टर वैतागले. म्हणाले, "मेश्राम जी, ये लोग पट्टी रखते ही नहीं. उरला वालों को सीधे तार डालते हैं." भाऊंना ते पटेना. ते म्हणत, हे लोक माझ्याशी खोटं बोलत नाहीत, डोळ्यांत डोळे घालून नाही म्हणतात. एका सुट्टीच्या दिवशी ते स्वतः स्कूटरवर उरल्याला गेले आणि एका कारखान्याच्या गेटबाहेर उभे राहिले. परत आले ते डोकं धरून. गेटवर हजेरीचं मशीन होतं, बोट दाबायचं. आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. ज्याचं तेच बोट मशीनमध्ये नोंदलेलं, तो पट्टी काढून दाबायचा आणि परत लावायचा. ते वाकवणं आहे हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. हजेरी लावणं म्हणजे काय काम करणं झालं का.

त्यानंतर भाऊंनी पट्टी पाठीवरून लावायला सुरुवात केली. नखाच्या बाजूने पट्टी, खालचा मांसल भाग उघडा, म्हणजे न काढता मशीनवर दाबता यावं. साधीच गोष्ट, पण कोणाला सुचली नव्हती. उरल्याची बोटं सरळ व्हायला लागली. छोट्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर भाऊंचा हात हातात घेतला. भाऊ त्या दिवशी दोन चहा प्यायले.

एवढं सगळं सांगितलं ते प्रज्ञासाठी.

प्रज्ञा पोलिसासारख्या वर्दीच्या नोकरीच्या भरतीची तयारी करत होती. तीन वर्षं झाली होती, पहाटे मैदानावर पळायची, दुपारी क्लास, संध्याकाळी पुन्हा मैदान. लेखी परीक्षा पास झाली होती. वयाच्या हिशेबाने ही शेवटची भरती. वहिनी शिलाई करून तिच्या बुटांच्या खर्चाला हातभार लावायच्या. मुलगी बापावर गेलेली, उंच आणि हट्टी. आमच्याशी हिंदीत बोलायची, बापाशी मराठीत. मैदानावर व्हॉलीबॉल खेळताना डाव्या हाताच्या मधल्या बोटावर चेंडू आदळला आणि शेंडा पडला. तिने बापाला फोन केला तेव्हा हसत होती. म्हणाली, "बाबा, तुमचा पेशंट आला."

एक्सरे आला. भाऊंनी तो खिडकीकडे धरला आणि पहिल्यांदा मी त्यांना "मेरा" किंवा "आपका" म्हणताना ऐकलं नाही. छोट्या डॉक्टरांनी बघितलं. तुकडा मोठा होता, पण फार मोठा नाही. एका फोटोत सांधा सरकला आहे असं वाटायचं, आणि दुसऱ्या फोटोत नाही असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, "ये बीच का है, मेश्राम जी. दोनों हो सकता है. मेरी बहन होती तो शायद मैं तार डालता. पर पट्टी भी गलत नहीं है. आप देख लो."

भाऊंनी दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत त्यांनी मला एकाच पेशंटबद्दल चारदा विचारलं. एका बाईच्या बोटातल्या तारेच्या वाटेने पू झाला होता, नख वाकडं आलं होतं. तिचं ड्रेसिंग मीच करायची. मी म्हटलं, "भाऊ, असं एखाद्यालाच होतं." ते म्हणाले, "तेच तं. एखाद्याले होते." भरतीच्या मेडिकलमध्ये हात पुढे करायला लावतात, बोटं मोजून बघतात, वाकडं बोट चालत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मेडिकल दहाव्या आठवड्यात होती. पट्टी आठव्यात सुटणार होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी कापली.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. विहारातून वंदना करून तिघं आले होते. घरात टेबल नव्हतं, म्हणून वहिनींच्या शिलाई मशीनचा पाट रिकामा केला होता. प्रज्ञाने हात पालथा ठेवला. भाऊंनी अंगठ्याने शेंडा दाबून धरला, वहिनींनी पट्टी सोडवली, ओल्या कपड्याने पुसलं, पावडर लावली, नवीन पट्टी. पाच मिनिटांचं काम, पण तिघांचीही नजर त्या शेंड्यावरून हलत नव्हती. बांधून झालं तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "बाबा, तुमचा अंगठा पांढरा पडून राहिला." भाऊ म्हणाले, "माझा काय, माझा सरळच हाय." मला वाटलं, आपण चुकीच्या दिवशी आलो, चहाला थांबायला नको.

सहाव्या आठवड्यात मैदानी चाचणी आली. पळणं, उडी, गोळा. गोळा उजव्या हाताने, म्हणून काळजी नव्हती. भाऊंनी डॉक्टरांची चिठ्ठी घेतली होती की पट्टी काढू नये. पाठीवरची पट्टी, खालून बोट उघडं, मशीनसाठी तयार. पालकांना गेटबाहेर थांबवलं. आत चार-चार बोटांचा ठसा एकदम घेत होते. काचेवर सगळी बोटं सपाट पडली पाहिजेत. पट्टीमुळे मधलं बोट नीट येईना. मागे मोठी रांग. तिथल्या माणसाने चिठ्ठी वाचली, परत दिली आणि म्हणाला, "निकालो मैडम, आधा मिनट लगेगा." तिने काढली. ठसा दिला. पुन्हा लावली. मग पळायला गेली आणि तिच्या गटात दुसरी आली.

बाहेर आली ती नाचतच. भाऊंनी बोट हातात घेतलं आणि चिकटपट्टीच्या सुरकुत्या बघितल्या. विचारलं, "वाकलं तं नाही ना?" ती म्हणाली, "नाही बाबा. ठशासाठी काढली, पण दाबून धरलं होतं."

हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पार्टिशनच्या माझ्या बाजूला येऊन, स्टुलावर बसून. म्हणाले, "सिस्टर, दुसऱ्या कोणाची पोरगी असती तं मी तारीख खोडली असती." मला कळलं. खोडली तर आठ आठवडे नव्याने, म्हणजे मेडिकलला पट्टी बोटावर, म्हणजे तिथेच बाहेर. खोडली नाही तर बोटावर विश्वास. मी म्हटलं, "ती म्हणते ना नाही वाकलं." ते म्हणाले, "सगळेच म्हणतात." माझ्या ट्रेमधली चिकटपट्टी उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, "आपली पोट्टी खोटं काहून बोलेल," आणि उठून गेले. त्या तारखेला त्यांनी हात लावला नाही. मी पण काही म्हटलं नाही, आणि त्या गोष्टीसाठी मला आजही स्वतःचा राग येतो. पण म्हणायला हवं होतं ते काय, हे मला आजही माहीत नाही.

आठव्या आठवड्यात पट्टी सुटली. पहिले चार दिवस बोट सरळ होतं. भाऊंनी पेढे आणले. पाचव्या दिवसापासून शेंडा हळूहळू खाली यायला लागला. फार नाही. हात पुढे सपाट धरून बोटावर फूटपट्टी ठेवली की नख आणि फूटपट्टीच्या मधून पेन्सिल सरकेल इतका. कोणत्याही मजुराला, कोणत्याही बँकवाल्याला आम्ही म्हटलं असतं, जा बाबा, छान झालं. भाऊंनी रात्रीची पट्टी लावली, दिवसाची लावली, गरम पाण्याने शेकलं, छोट्या डॉक्टरांना तीनदा दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "अब इतना रहेगा, मेश्राम जी."

मेडिकलला डॉक्टरीणबाईंनी हात पुढे करायला लावला. एकदा, दोनदा. मग कागदावर अनफिट लिहिलं. अपील केलं, पुन्हा मेडिकल झाली, दुसऱ्या टेबलावर तेच लिहिलं गेलं. त्यांचा तरी काय दोष, नियम तो नियम. प्रज्ञा घरी आली, बूट काढून पुसून खोक्यात ठेवले आणि झोपली. वहिनी सांगत होत्या, रडली नाही, त्याचीच भीती वाटली. चार महिन्यांनी ती एका मोबाईलच्या दुकानात बिलिंगला लागली. बोट काही अडत नाही, टाइपिंग झकास करते.

भाऊंनी छोट्या डॉक्टरांना एकदाच विचारलं, माझ्यासमोर. "सर, तार डालते तो?" डॉक्टरांनी खाली बघितलं. तार आत असती तर गेटवर कोणाला काढता आली नसती, हे तिघांनाही कळत होतं. पण तारेतही पू झाला असता, सांधा आखडला असता, असंही होतं. डॉक्टर शेवटी म्हणाले, "नहीं बता सकता. सच में नहीं बता सकता." मला त्या पोराचं बरं वाटलं की त्याने खोटा धीर दिला नाही, आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली ओढावीशी वाटली. प्रज्ञालाही भाऊंनी पुन्हा विचारलं होतं, खरंच वाकलं नव्हतं का. ती म्हणाली, "बाबा, मले नाही माहीत. मागे रांग होती." कोणाची चूक म्हणून कोणाला धरावं, असं काही सापडलंच नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

भाऊंचं काम सुटलं नाही. पट्ट्या तशाच घासायचे, गालावर फिरवायचे. फक्त बोलणं गेलं. पेशंटने विचारलं, ऑपरेशन करू की पट्टी, तर पूर्वी अर्धा तास समजावणारा माणूस एवढंच म्हणायचा, "डॉक्टर साहब से पूछिए." पार्टिशनपलीकडून आवाज येईनासा झाला. मी मुद्दाम ओरडून बघायची, कोणी जखमेची बाजू घेतं का. नाही घेतली.

माझ्या नोकरीचा शेवटचा महिना होता. अभनपूरची एक बाई आली, बरोबर तिची लेक, कॉलेजात शिकणारी. पोरीचं बोट दारात सापडलेलं. छोट्या डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं होतं की मधलं आहे, दोन्ही होऊ शकतं, घरच्यांनी ठरवावं. बाई एक्सरेचं पाकीट छातीशी धरून प्लास्टर रूममध्ये आली. मी ट्रे घेऊन दारातच होते. तिने भाऊंना विचारलं, काय करू. भाऊ म्हणाले, "डॉक्टर साहब से पूछिए." ती म्हणाली, त्यांनीच तर आमच्यावर सोडलं, आम्हाला काय समजतं. मग ती जरा पुढे झाली आणि तिने छत्तीसगढीत विचारलं, तुमची पोरगी असती तर काय केलं असतं, "तुंहर बेटी होतिस त का करतेव, भैया?"

भाऊंच्या हातात कात्री होती, ती त्यांनी खाली ठेवली. म्हणाले, "मेरी बेटी को भी यही हुआ था."

"त का करेव?"

"पट्टी."

बाईचा चेहरा एकदम मोकळा झाला. खांदे खाली आले, पाकीट छातीवरून सुटलं. "हव," ती म्हणाली, "त हमरो नोनी ल पट्टीच बाँध देव." आणि वळून नोनीला, म्हणजे लेकीला, समजावू लागली की बघ, भैयांनी स्वतःच्या पोरीला हेच केलं.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. पुढचं सांगायला त्यांचं तोंड उघडलं होतं, मी बघितलं. पण पुढे काय सांगायचं होतं? पट्टी चुकली असं? ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी सगळ्या हॉस्पिटलला गप्प करणारी बाई, ट्रे धरून उभी राहिले. त्यांनी स्टूल ओढलं, पोरीला बसवलं, तिचं बोट तळहातावर घेतलं आणि त्यावर इतके खाली वाकले की बाईला त्यांचं तोंड दिसलं नाही.